विचारून तर बघा : पत्रिकेतला हर्षल आणि त्याची बहीण

मागच्या अंकात कोपऱ्यात जागा उरली होती म्हणून मी एक छोटी चौकट टाकली होती, की १३ मार्च १७८१ ला विल्यम हर्शेलने युरेनस शोधला आणि त्याची बहीण कॅरोलिन त्याला मदत करायची. बस, एवढंच. त्यावर इतके मेसेज आले की संपादक म्हणाले या वेळचा सगळा कॉलम यावरच कर. तर सोसायटी मेंटेनन्स आणि केसगळतीवाल्यांनो, तुमचे प्रश्न पुढच्या महिन्यात, रागावू नका.

प्रश्न : माझ्या मुलाच्या पत्रिकेत गुरुजींनी "हर्षल सप्तमात" असं सांगितलं. आमच्या मुलाचं नावही हर्षलच आहे त्यामुळे घरात भरपूर हसाहशी झाली. पण नवग्रहांत हर्षल कुठे आहे? हा ग्रह नक्की कुठला? (काळाचौकीहून एक आई)

उत्तर : ताई, हर्षल म्हणजेच युरेनस. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्याला प्रजापती म्हणायचे, पंचांगात हर्षल, टीव्हीवर युरेनस. ग्रह एक आणि आधार कार्डं तीन.

नवग्रहांत तो नाही कारण नवग्रह ठरले तेव्हा तो कोणाला माहीतच नव्हता. आपलं नाव हर्षल हे हर्षावरून आलंय, पण ग्रहाचं हर्षल हे चक्क एका माणसाचं आडनाव आहे, हर्शेल, मराठी जिभेवर आलं आणि हर्षल झालं. विल्यमला स्वतःला हे नाव नको होतं बरं का. त्याने इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाच्या नावाने ग्रहाचं बारसं करायचं ठरवलं होतं, आणि त्याचा फायदाही झाला, राजाने वर्षाला २०० पौंड लावून दिले. पण इंग्लंडच्या बाहेर इंग्लंडच्या राजाचं कौतुक कोणाला? फ्रान्समध्ये लालांद नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने शोधणाऱ्याचंच नाव द्या म्हटलं, जर्मनीत बोडेने युरेनस सुचवलं, आणि शेवटी जगभर युरेनस टिकलं. त्या ग्रहाचं एक चिन्ह आहे ते कधी नीट बघा, रोमन लिपीतला एच आणि खाली लोंबणारा गोळा, तो एच हर्शेलचाच. तर जगाने टाकून दिलेलं नाव आपल्या पंचांगवाल्यांनी अजून जपून ठेवलंय, ही मला तरी भारी गोष्ट वाटते.

हा हर्शेल कोण होता ते ऐका, कारण तो खगोलशास्त्रज्ञ नव्हताच मुळात. जन्म १७३८, जर्मनीतलं हॅनोव्हर. बाप लष्करी बँडमध्ये वाजवणारा, मुलगाही त्याच बँडमध्ये ओबो वाजवायचा, ओबो म्हणजे आपल्या सनईची लांबची चुलत बहीण समजा. १७५७ ला इंग्लंडला गेला, बाथ नावाच्या गावात चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी धरली, शिकवण्या घेतल्या, स्वतः २४ सिम्फनी लिहिल्या. दिवसभर शिकवण्या आणि रात्री घराच्या मागच्या बागेत दुर्बीण. म्हणजे दिवसा क्लास घेणारे आणि रात्री स्वतःचं काहीतरी करणारे जे लोक आपल्या प्रत्येक बिल्डिंगमध्ये एखादा तरी असतात, त्यातला हा.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. युरेनस त्याच्या आधी लोकांनी पाहिला होता! इंग्लंडच्याच फ्लॅमस्टीड नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १६९० मध्ये पाहून आपल्या यादीत तारा म्हणून नोंदवूनही टाकला होता, वृषभातला ३४ नंबरचा तारा. पाहणं आणि ओळखणं यात जवळजवळ ९० वर्षं गेली. हर्शेलने काय वेगळं केलं? दुर्बिणीची पॉवर वाढवत नेली. आधी २२७ पट, मग ४६०, मग ९३२. तारा इतका लांब असतो की कितीही पॉवर लावा, तो काही खऱ्या अर्थाने मोठा होत नाही, ठिपका तो ठिपकाच. हा ठिपका मात्र पॉवरसोबत फुगत गेला. चार दिवसांनी परत पाहिलं तर जागेवरून सरकलेला. त्याला वाटलं धूमकेतू असेल, तसंच त्याने कळवलं. मग लेक्सेल वगैरे गणितवाल्यांनी कक्षा काढली तेव्हा कळलं की हा जवळजवळ गोल फिरतोय, शनीच्या पलीकडे, ग्रह आहे हा. माणसाच्या लिहिलेल्या इतिहासात पहिल्यांदाच कोणीतरी नवीन ग्रह "शोधला", आधीचे सगळे कायमचे दिसतच होते.

आता तुमच्या गुरुजींबद्दल. मी पत्रिकेवर काही बोलणार नाही, घरोघरी त्यावरून वाद नकोत. फक्त एवढंच की युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला ८४ वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत तो साधारण सात वर्षं मुक्काम ठोकतो, त्यामुळे तुमच्या मुलाच्या अख्ख्या वर्गाचा, वरच्या वर्गाचा आणि खालच्या वर्गाचाही हर्षल बहुतेक त्याच राशीत असणार. घरं तेवढी वेगळी.

प्रश्न : मुलीला शाळेत कॅरोलिन हर्शेलवर प्रोजेक्ट करायचं होतं. सर म्हणाले ती फक्त भावाची हेल्पर होती, दुसरं कोणीतरी घे. तुम्ही पण "मदत करायची" असंच लिहिलंय. खरं काय? (मुलुंडहून एक बाबा)

उत्तर : दादा, चूक माझी. चौकटीत जागा नव्हती हे कारण मी देऊ शकते पण ते फार लंगडं आहे. प्रोजेक्ट करू द्या, आणि ही सगळी माहिती मुलीला द्या.

कॅरोलिनचा जन्म १६ मार्च १७५०. लहानपणी देवी आल्या, चेहऱ्यावर व्रण राहिले, मग दहा वर्षांची असताना टायफस नावाचा ताप आला आणि वाढच खुंटली, उंची सव्वाचार फुटांवर थांबली. आईने ठरवून टाकलं की हिचं लग्न काही होणार नाही, ही घरात मोलकरणीसारखं काम करेल. फ्रेंच शिकायचं नाही, गाणं शिकायचं नाही, मोजे विणायचे. वडील मात्र वेगळे, थंडीच्या रात्री पोरीला बाहेर नेऊन तारे दाखवायचे, एकदा धूमकेतूही दाखवला. १७७२ मध्ये विल्यम तिला इंग्लंडला घेऊन जायला आला तेव्हा ती २२ ची होती, आणि आईने सहज सोडलं नाही, विल्यमने आईला दुसरी मोलकरीण ठेवायला दरवर्षी पैसे द्यायचं कबूल केलं तेव्हा कुठे सुटका झाली. हे वाचून मला आमच्याच चाळीतल्या दोन आत्या आठवल्या, असो.

इंग्लंडमध्ये ती आधी गायिका झाली! भावाने शिकवलं, हँडेल नावाच्या संगीतकाराच्या मोठ्या रचनांमध्ये मुख्य भाग गायची, बर्मिंगहॅमहून बोलावणंही आलं होतं, पण भाऊ संगीत देत नसेल तर गाणार नाही म्हणाली. मग भाऊ दुर्बिणींच्या नादी लागला आणि तिचं गाणं मागे पडलं. त्याबद्दल ती खूश होती असं मला तरी वाटत नाही.

रात्रीचं काम कसं चालायचं ते बघा, कारण "मदत" या शब्दात ते बसत नाही. विल्यम बाहेर शिडीवर, दुर्बिणीला डोळा लावून. डोळे अंधाराला सरावलेले, त्यामुळे त्याला दिवा बघायचा नाही आणि लिहायचं तर अजिबात नाही. तो नुसता ओरडणार, अमुक दिसलं, एवढं तेजस्वी, एवढं पसरलेलं. कॅरोलिन खिडकीशी, समोर घड्याळ, दिवा, फ्लॅमस्टीडची यादी. वेळ बघून जागा काढायची, लिहायचं, शंका आली तर उलट विचारायचं. थंडी इतकी की दौतीत शाई गोठायची. सकाळी भाऊ झोपला की ही सगळ्या नोंदी स्वच्छ उतरवणार, गणितं करणार. अशा रात्रींमधून दोघांनी मिळून २५०० तेजोमेघ (आकाशातले ढगासारखे पुसट डाग) आणि तारकागुच्छ नोंदवले. एका रात्री, १७८३ च्या ३१ डिसेंबरला, बर्फात पाय घसरला आणि दुर्बिणीच्या यंत्राचा लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. भाऊ वरून घाई करतोय, ही खाली अडकलेली. सोडवताना मांसाचा तुकडा आकड्यावरच राहिला. आणि नंतर तिने काय लिहिलं असेल, तर त्या रात्री पुढे ढग आले त्यामुळे भावाचं नुकसान झालं नाही हे बरं झालं. मला हे वाचून तिचं कौतुक वाटत नाही, राग येतो. पण ते माझं.

हे झालं भावासोबतचं. आता तिचं स्वतःचं. १७८३ मध्ये विल्यमने तिला छोटी दुर्बीण करून दिली, आणि भाऊ घरी नसला की ती तिची रात्र. १ ऑगस्ट १७८६, भाऊ जर्मनीला गेलेला, हिने दिवसभरात शंभर तेजोमेघांची गणितं संपवली, संध्याकाळी दुर्बिणीतून एक पुसटशी गोष्ट दिसली. दुसऱ्या रात्री ती सरकली. धूमकेतू! सकाळी लगेच रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या सेक्रेटरीला, ब्लॅग्डनला, पत्र. १७८६ ते १७९७ मध्ये असे आठ धूमकेतू तिने शोधले. शेवटच्या वेळी तर साध्या डोळ्यांनी दिसला, ऑगस्ट १७९७, तासभर झोपली आणि घोड्यावर बसून ग्रिनिचला गेली, राजाचा खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलाइन याला स्वतः सांगायला. अंतर साधारण दादर ते कल्याण एवढं. टपालावर विश्वास नव्हता बाईचा.

धूमकेतू शोधणारी पहिली बाई ती, असं बरेच लोक लिहितात, ते प्रोजेक्टमध्ये घालू नका. तिच्या आधी १७०२ मध्ये बर्लिनच्या मारिया किर्शने शोधला होता, आणि तो आधी नवऱ्याच्या नावावर गेला, त्याने पुढे १७१० मध्ये कबूल केलं की बायकोने शोधला होता. तेव्हा हेल्पर म्हणवून घ्यायची वेळ आलेली कॅरोलिन काही एकटी नव्हती.

आणि पगार! १७८७ पासून राजाने तिला भावाची असिस्टंट म्हणून वर्षाला ५० पौंड लावून दिले. भावाला २०० आणि हिला ५०, हो, तेव्हाही. पण इंग्लंडमध्ये विज्ञानाच्या कामासाठी पगार मिळणारी ती पहिली बाई. दर तीन महिन्यांनी साडेबारा पौंड यायचे, आणि तिने लिहून ठेवलंय की मनाला येईल तसे खर्च करता येतील असे हे तिच्या आयुष्यातले पहिले पैसे. वय ३७.

मग ते फ्लॅमस्टीडचं काम, जे कोणाला ग्लॅमरस वाटत नाही आणि मला सगळ्यात आवडतं. फ्लॅमस्टीडची ताऱ्यांची यादी त्या काळचं बायबल, पण यादी एका खंडात आणि मूळ निरीक्षणं दुसऱ्या खंडात, आणि दोघांचा मेळ लागेना. कॅरोलिनने सगळं ताडून सूची केली, चुका काढल्या, आणि यादीत घ्यायचेच राहून गेलेले साडेपाचशेहून जास्त तारे परत जागेवर आणले. १७९८ मध्ये रॉयल सोसायटीने ते छापलं. ज्याने कधी दुसऱ्याची वही तपासलीये त्यालाच कळेल हे काय प्रकरण आहे.

विल्यम १८२२ मध्ये गेला. ती हॅनोव्हरला परतली, आणि ७० ओलांडलेली बाई तिथे बसून त्या २५०० तेजोमेघांची नवी यादी करते, आकाशाच्या पट्ट्यांनुसार लावलेली, कोणासाठी तर भाचा जॉनसाठी, म्हणजे विल्यमच्या मुलासाठी, त्याला परत सगळं आकाश तपासायचं होतं म्हणून. त्यासाठी लंडनच्या अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८२८ मध्ये तिला सुवर्णपदक दिलं. त्यानंतर ते पदक पुढच्या बाईला मिळालं १९९६ मध्ये, व्हेरा रुबिनला. मध्ये १६८ वर्षं. सरांना हा आकडा सांगा फक्त.

प्रश्न : मला पाढे येत नाहीत. आई म्हणते पाढे आल्याशिवाय सायंटिस्ट होता येत नाही. खरंय का? (विक्रोळी, इयत्ता सहावी)

उत्तर : कॅरोलिनला पाढे आयुष्यभर पाठ झाले नाहीत. पाढ्यांचा कागद जवळ ठेवायची आणि बघून बघून गुणाकार करायची. पण बाळा, हे आईला दाखवण्याआधी ऐक, त्या कागदावर बघून तिने हजारो ताऱ्यांची गणितं केली आणि परत तपासली. तुला कागद चालेल, तपासणं टाळता येणार नाही. आईला माझा नमस्कार सांग, नाहीतर ती मला पत्र लिहील.

प्रश्न : मी ३५ वर्षं टूलरूममध्ये होतो, लेथ, ग्राइंडिंग सगळं केलं. त्या काळात वीज नाही, मशीन नाही, मग एवढे अचूक आरसे घरात बसून कसे केले? काचेचे होते का? (लालबागहून निवृत्त फिटर)

उत्तर : काका, तुमच्या प्रश्नाची मी वाटच बघत होते.

काचेचे नाही, धातूचे. तांबं आणि कथील. तुमच्या घरात पायाला तूप लावून घासायची काशाची वाटी असेल ना, तेच कुटुंब, फक्त त्यात कथील आणखी जास्त, जवळजवळ एक तृतीयांश. कथील वाढलं की धातू पांढरा पडतो, आरशासारखी चकाकी येते, पण ठिसूळही होतो, थंड होताना तडकतो. आणि दमट हवेत काळवंडतो, आपल्या देवाच्या भांड्यांसारखा, पण हा चिंचेने घासून चालत नाही, परत पॉलिश म्हणजे परत सगळा आकार नव्याने काढायचा.

१७७३ च्या सुमारास विल्यमने बाथमधल्याच एका हौशी माणसाची जुनी हत्यारं विकत घेतली आणि घराचा कारखाना केला. छान सजवलेल्या दिवाणखान्यात सुतार नळ्या आणि स्टँड बनवतोय, बेडरूममध्ये धाकट्या भावाने, अलेक्झांडरने, मोठा लेथ बसवलाय. विल्यम मैफलीतून येऊन कपडे न बदलताच कामाला बसायचा, झालरीच्या बाह्यांवर गरम राळेचे डाग. साचे कशाचे, तर घोड्याच्या लीदीचे! लीद वाळवून, खलात कुटून, बारीक चाळणीने चाळून मातीत मिसळायची. कुटायचं काम कॅरोलिनकडे. ढीगच्या ढीग लीद.

तुम्हाला माहितीच आहे, पॉलिश अर्धवट सोडलं की पृष्ठभागाची वाट लागते. तिने लिहिलंय की एका आरशाला विल्यमने १६ तास हात काढला नाही, ही शेजारी बसून त्याच्या तोंडात घास भरवतेय आणि कंटाळा येऊ नये म्हणून अरबी कथा वाचून दाखवतेय. आकार किती बरोबर हवा, तर केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागापर्यंत. तुमच्या मायक्रोमीटरला ते दिसणारही नाही. हाताला कळतं आणि प्रकाशाला कळतं.

नेहमी जमायचंच असं नाही. ऑगस्ट १७८१ मध्ये, ग्रह सापडल्यावर पाच महिन्यांनी, तीन फुटी आरसा ओतायला घेतला. पहिला थंड होताना तडकला. दुसऱ्या वेळी भट्टीच गळली, वितळलेला धातू दगडी फरशीवर आला आणि फरशीचे दगड फुटून तुकडे छतापर्यंत उडाले. सगळे जीव घेऊन पळाले, विल्यम दमून विटांच्या ढिगावर कोसळला. हे घरात बरं का, राहत्या घरात! पुढे १७८९ मध्ये राजाच्या ४००० पौंडांवर ४० फूट लांबीची दुर्बीण उभी केली, आरसा चार फुटी. लोक बघायला यायचे. पण ती वापरायला फारच अवजड निघाली, आणि बहुतेक चांगलं काम त्याने त्याच्या २० फुटीवरच केलं. मोठं म्हणजे भारी असं नसतं हे तुम्हाला मी काय सांगू.

आणि काका, आता हात शिवशिवत असतील तर आजही लोक घरी आरसे घासतात. आता काचेच्या दोन जाड चकत्या घेतात, मध्ये कार्बोरंडमची पावडर आणि पाणी, वरची चकती खालच्यावर पुढे-मागे, थोडी फिरवून, परत पुढे-मागे. गंमत अशी की काहीही न मोजता वरची खोलगट होते आणि खालची फुगीर. मग बारीक पावडर, मग राळेवर पॉलिश, शेवटी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. एक फक्त करा, बायकोला न विचारता बेडरूममध्ये लेथ बसवू नका.

प्रश्न : हर्शेलने अजून काही शोधलं का, का तो एक ग्रहच? (एका ओळीत उत्तर द्या, ट्रेनमध्ये वाचते. बोरिवली)

उत्तर : एका ओळीत नाही जमणार पण दोन स्टेशनांत संपवते. युरेनसचे दोन चंद्र, शनीचे दोन चंद्र, सूर्य स्वतःच सगळं कुटुंब घेऊन शौरी तारकासमूहाच्या दिशेने चाललाय हे, आणि १८०० मध्ये इन्फ्रारेड. प्रिझमने उन्हाचे रंग पाडले, प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला, आणि एक लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे, तर पारा तिथेच सगळ्यात जास्त चढला. डोळ्यांना न दिसणारा उजेड. घरी गेल्यावर टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबून तो मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा, बहुतेक फोनमध्ये जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. तोच तो. आणि त्याचा नातू, तोही विल्यम, १८५८ मध्ये बंगालमध्ये साहेब होता, एका कंत्राटदाराकडून सहीसोबत हाताचा ठसा घेतला, तिथून पुढे तो बोटांच्या ठशांच्या मागेच लागला. आधारसाठी अंगठा लावताना आठवा. गोरेगाव आलं का?

प्रश्न : भाऊ-बहिणीचं शेवटपर्यंत पटलं का? अशा घरात वहिनी आली की काय होतं ते आम्हाला माहितीये. (गिरगावातल्या एक आजी)

उत्तर : आजी, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. १७८८ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी, विल्यमने मेरी पिट नावाच्या श्रीमंत विधवेशी लग्न केलं. सोळा वर्षं घर कॅरोलिनने सांभाळलं होतं, किल्ल्या तिच्या, हिशेब तिचे. लग्नानंतर ती वेगळ्या भाड्याच्या खोल्यांमध्ये राहायला गेली आणि रात्री कामाला यायची. तिची रोजनिशी होती, पण लग्नानंतरच्या साधारण दहा वर्षांची पानं तिने स्वतःच नष्ट केली. त्यात काय होतं ते आता कोणालाच कळणार नाही, आणि मला वाटतं तेच बरं. पुढे वहिनीशी चांगलं जमलं, भाच्यावर तर जीव होता. आणि एक सांगते, आठपैकी सात धूमकेतू तिने याच वेगळं राहण्याच्या वर्षांत शोधलेत.

९६ व्या वाढदिवसाला प्रशियाच्या राजाने सुवर्णपदक पाठवलं. ९ जानेवारी १८४८ ला गेली, ९७ वर्षांची होऊन. तिच्या इच्छेप्रमाणे शवपेटीत दोन गोष्टी ठेवल्या, भावाच्या केसांची बट आणि वडिलांचं एक जुनं, अक्षरं पुसट झालेलं पंचांग.

प्रश्न : मुंबईतून युरेनस दिसेल का? आणि मी पण धूमकेतू शोधू शकतो का? (अँटॉप हिल, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी)

उत्तर : गच्चीवरून साध्या डोळ्यांनी नाही, विसर. एकदम काळोख्या आकाशात तो जेमतेम दिसण्याइतका असतो, आणि आपल्याकडे हायमास्ट, धुकं-धूळ आणि समोरच्या टॉवरचं बांधकाम. चांगली बायनॉक्युलर आणि मोबाइलवरचा नकाशा असेल तर प्रयत्न कर, चार-सहा इंची दुर्बीण असेल तर फिकट हिरवट चकती दिसेल, एवढुशी. सध्या काही वर्षं तो वृषभात आहे, म्हणजे हर्शेलला सापडला होता त्या भागाकडे तो परत निघालाय, आणि ८४ गुणिले ३ कर, २०३३ च्या सुमारास तो सापडल्यापासूनची तिसरी फेरी पूर्ण करेल.

धूमकेतूंचं म्हणशील तर आता स्वयंचलित दुर्बिणी रोज रात्री अख्खं आकाश चाळतात, त्यांच्या आधी गच्चीवरून शोधणं महाकठीण. पण सोहो नावाचं यान सूर्यावर नजर ठेवून आहे, त्याचे फोटो इंटरनेटवर सगळ्यांना खुले असतात, आणि त्यातून ५००० हून जास्त धूमकेतू सापडलेत, बहुतेक हौशी लोकांना, घरी बसून. भिंगाऐवजी माऊस. कॅरोलिनचा १७८८ चा धूमकेतू मात्र तुला बघायचा असेल तर जरा थांबावं लागेल, तो १९३९ मध्ये परत आला होता आणि पुढचा फेरा २०९२ चा आहे.

खरं आकाश बघायचं तर हिवाळ्यात अमावास्येच्या आसपासचा शनिवार पकड आणि वांगणीला जा, कर्जत लोकल, बदलापूरच्या पुढचं स्टेशन. मुंबईचे आकाशवेडे वर्षानुवर्षं तिथे रात्र काढतात. स्वेटर ने, हसू नकोस, पहाटे चारला तिथे दात वाजतात. टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लाव, नाहीतर बाजूचे लोक ओरडतील, एकदा पांढरा उजेड डोळ्यात गेला की परत अंधाराला सरावायला अर्धा तास जातो. आणि दुर्बीण नेलीस तर उतरताना रॅकवर नजर टाक. मी पहिल्यांदा गेले होते तेव्हा दुर्बीण उतरवली, स्टँड उतरवला, डब्याच्या पिशव्या उतरवल्या, आणि आयपीसचा, म्हणजे डोळा लावायच्या भिंगांचा, डबा लोकलसोबत कर्जतला गेला.